पाव इंच माया

४ जानेवारी

चि. खोडरबर हिस,
अ. उ. आ.

बातमी आहे, खाली बसून वाच. मी पडद्यांचं दुकान सोडलं.

झालं असं की पडदेवाल्यांनी मला परत एका नव्या इमारतीत खिडक्या मोजायला पाठवलं. मी शिडीवर उभी, हातात टेप, तोंडात पेन्सिल, आणि शेजारशेजारच्या दोन खिडक्यांत चक्क दीड इंचाचा फरक. बांधणारा एक, इमारत एक, गवंडी एक, तरी ही तऱ्हा. इतकी वर्षं हे काम केलं, पण एकसारख्या दोन खिडक्या मला कुठेच भेटल्या नाहीत. मी तशीच खाली उतरले, दुकानात गेले, टेप त्यांच्या गल्ल्यावर ठेवला आणि सांगितलं की यापुढे जन्मात एकही खिडकी मोजणार नाही. त्यांनी विचारलं, मग करणार काय. मी म्हटलं, गोधड्या. ते त्या टेपकडे असे बघत राहिले की मलाच त्यांची दया आली.

तर आता मी शिवणशाळेत गोधडीची बाई झाले आहे. शाळेच्या मोठ्या बाईंनी तळमजल्यावरची एक खोली दिली आहे, वर्षभरासाठी. त्यात आधी मोडक्या खुर्च्या असायच्या. त्या आता व्हरांड्यात रांगेनं उभ्या आहेत आणि मी आत जाताना माझ्याकडे टक लावून बघतात. मोठ्या बाईंचं बोलणं अगदी सरळ. वर्षभर वर्ग चालवायचा आणि डिसेंबरच्या प्रदर्शनात जिन्याची अख्खी भिंत एका गोधडीनं भरून दाखवायची. भरली तर वर्ग कायमचा. नाही भरली तर खुर्च्या परत आत आणि मी परत शिडीवर. मी मान डोलावून मोकळी झाले. भिंत दोन मजली उंच आहे हे त्यानंतर पाहिलं.

पण घाबरत नाही. डोक्यात नमुना तयार आहे. खिडकीचाच. प्रत्येकानं आपापली एक खिडकी शिवायची, मध्ये आकाश, भोवती चौकट, कोपऱ्यात पडदा, आणि सगळ्या जोडल्या की एक मोठी इमारत उभी राहणार. नमुना छापायची वेळ आली की तुझ्या छापखान्याचे पाय धरीन. बाबांना सांग, पण जेवण झाल्यावर.

बाकी ठीक.
ताई


१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

यातली विनंती अशी की असली बातमी पाकिटात घालून पाठवू नये, माणसाच्या हातातली कपबशी सुटते. आणि विशेष हे की पाकीट माझ्याआधी बाबांनीच उघडलं, तेही जेवणाच्या ताटावर.

आख्खं आयुष्य लोकांच्या पँटी शिवण्यात घालवलेला माणूस. त्यांचं मत असं पडलं की पँट ही शिवायची वस्तू आहे आणि गोधडी ही पँट शिवून उरलेली वस्तू आहे. एवढं बोलून ते ताटावरून उठून आत गेले. मला वाटलं, रागावले. तर थोड्या वेळानं आपली सुयांची डबी घेऊन बाहेर आले. मला साधं बटण लावायलाही ती डबी कधी दिली नव्हती. सोबत पाठवते आहे, उघडताना जपून.

आता माझं म्हणणं. जन्मात एकही खिडकी मोजणार नाही अशी शपथ घेतलीस आणि त्याच पानावर खिडक्यांचा नमुना काढलास. मी रोज लाल शाईनं लोकांच्या चुका खोडते, पण स्वतःलाच इतक्या झपाट्यानं खोडणारी बाई अजून पाहिली नव्हती. आणि खोडरबर म्हणे मला म्हणायचं.

एक तक्रार मात्र खरीखुरी आहे, ती थट्टेत घालवू नकोस. तुझी पत्रं दुकानाच्या पावतीसारखी संपतात. बाकी ठीक, ताई. जगातले लोक पत्राच्या शेवटी लोभ मागतात, माया मागतात, काहीतरी मागतात. तू लहानपणी मला शाळेत सोडायचीस तेव्हाही फाटकाशी हात सोडून मागे न बघता निघून जायचीस. मी तुझी पाठ दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी राहायचे. एकदा तरी पत्र नीट संपव. मी कुणाला दाखवणार नाही.

वर्ग जोरात चालव. खुर्च्यांकडे बघू नकोस. लोभ असावा, असल्यास कळवावा.
तुझी,
खोडरबर


८ एप्रिल

चि. खोडरबर हिस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला कारण मला वेडं व्हायलासुद्धा सवड नाही. वर्ग भरला आहे. सगळ्यांत पुढे बसतात पोस्टातल्या आजी. जन्मभर तिकिटं चिकटवली, आता निवृत्त होऊन माझ्या मानगुटीवर बसल्या आहेत. त्यांच्या शेजारी एक बसचालक. दारातून वाकून आत येतो, हात हे एवढे, आणि धावदोरा असा घालतो की मुंगीनं रांग शिकावी. मागे एक दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत. त्या टाका इतका घट्ट ओढतात की कापडच आ करतं.

मागच्या आठवड्यात मी शिकवता शिकवता गोधडीचं अस्तर माझ्याच झग्याच्या घेराला शिवून टाकलं. बोलण्याच्या नादात कळलंच नाही. मोठ्या बाई दारात आल्या म्हणून मान द्यायला उठले, तर गोधडी माझ्याबरोबर उठली, गोधडीबरोबर तिच्यात सुई अडकवून बसलेले सगळे अर्धवट उठले, आणि बसचालकाच्या मांडीवरचा सुयांचा डबा उडाला. मोठ्या बाई जाताना खुर्च्या मोजून गेल्या.

म्हणून आता नमुना लवकर छापून दे. आम्ही एवढे जण मिळून ती भिंत भरणं शक्य नाही. मी ठरवलं आहे की नमुना वाटून टाकायचा, मागेल त्याला, न मागेल त्यालाही. लोकांनी घरी खिडकी शिवावी आणि पोस्टानं पाठवावी. कागद वाचवते, याच पानावर खाली लिहिते, तू नेमकं तेवढंच कापून जुळणीला दे.

नमुना: खिडकी. मधोमध सहा इंची चौकोन, हे आकाश. त्याचा रंग ज्याचा त्यानं ठरवावा. त्याच्या एका कोपऱ्यावर तिरका तुकडा, हा पडदा. तो किती सरकवायचा हे शिवणाऱ्याच्या मनावर. भोवती तीन इंच रुंदीच्या चार पट्ट्या, ही चौकट. आधी वरची आणि खालची जोडावी, मग डावी आणि उजवी. तयार खिडकी शिवणशाळेच्या पत्त्यावर ऑक्टोबरपूर्वी पाठवावी, म्हणजे ती भिंतीवर लागेल.

चारी बाजूंनी पाव इंच माया असावी.

ताई


२७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राच्या शेवटाबद्दल मी काहीही लिहिणार नाही. लिहिलं तर तू बिचकशील आणि पुन्हा पावत्या पाठवायला लागशील. एवढंच सांगते की वाचला, मोजमापासकट वाचला, आणि त्या दिवशी छापखान्यात मी एका माणसाच्या शोकसभेच्या पत्रकाखाली सहर्ष निमंत्रण ठेवून दिलं होतं. नशिबानं अक्षरं जुळवणाऱ्यानं ते पाहिलं.

नमुना मी कात्रीनं नीट कापून त्याच्याकडे दिला. तो माझ्याकडे धावत आला. त्याला सहा इंची आकाश ही चूक वाटत होती. मी सांगितलं, माझी बहीण आहे, तिच्याकडे आकाशही मापानं मिळतं.

छापण्याआधी बाबांना कागद दाखवला. भिंग घेऊन ओळ न ओळ वाचली त्यांनी. म्हणाले, माप बरोबर आहे, अक्कल बरी आहे, पोरगी शिंप्याचीच शोभते. पुन्हा घडी घालून मला देईपर्यंत कागदाच्या कडेवरून चारदा अंगठा फिरवला.

दोनशे प्रती टाकल्या आहेत, संपल्या की कळव. मी आणखी छापते, मालक सध्या माझ्यावर खूश आहेत. मीच सगळ्यांवर खूश आहे.

लोभ आहेच, मला आता कळलंय.
तुझी,
खोडरबर


१६ जुलै

चि. खोडरबर हिस,
अ. उ. आ.

दोनशे संपल्या. पुढच्या तीनशेही संपत आल्या. काय चाललं आहे ते मला धड सांगता येणार नाही, पण प्रयत्न करते.

बसचालक प्रत्येक सीटवर एकेक कागद ठेवतो आणि उतरताना कुणी तो विसरलं तर हाक मारून परत बोलावतो. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात ज्याचा दात दुखतो आहे त्याला तोंड उघडायच्या आधी आकाशाचा रंग ठरवावा लागतो. पोस्टातल्या आजींनी आपल्या जुन्या खिडकीवरच्या मुलींना पढवून ठेवलं आहे, त्या तिकिटाबरोबर नमुना देतात. कुठल्या कुठल्या गावांहून पत्रं येतात. एका दीपगृहाच्या राखणदारानं विचारलं आहे की त्याच्या खिडकीला पडदा नाही, तर चालेल का. एका नवराबायकोचं आकाशाच्या रंगावरून वाजलं, आता दोघं वेगवेगळी खिडकी शिवत आहेत आणि दोघांनी एकमेकांपासून लपवून मला लिहिलं आहे. एका बाईंनी नमुना नकलून आपल्या सगळ्या नणंदांना पाठवला आणि परवानगी मागायची राहिली म्हणून माफी मागितली. मी कळवलं, नमुना माझा नाही, शिवेल त्याचा आहे, जावांनाही पाठवा.

आणि पाकिटं येऊ लागली आहेत. वर्गानं ठरवलं आहे की एकही आधी उघडायचं नाही. ऑक्टोबरात सगळी एकदम उघडायची. पाकिटं कपाटात, कपाटाची किल्ली आजींच्या गळ्यात. रोज एकदा तरी कुणीतरी पाकीट बाहेरून दाबून बघतं. मीच बघते.

एक विचारायचं राहिलं. तू कसल्या शेवटाबद्दल लिहिलं होतंस? मी पत्र दोनदा आठवून पाहिलं. त्याचा शेवट ताई असाच होता.

बाकी ठीक.
ताई


२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

समजलं. लाजलीस. विषय बंद.

कागदांचा नवा गठ्ठा सोबत आहे. बाबा विचारतात की दीपगृहवाल्याचं काय ठरलं. त्यांच्या मते पडद्याशिवाय खिडकी म्हणजे खिशाशिवाय पँट.

लोभ चारी बाजूंनी आहे.
तुझी,
खोडरबर


११ ऑक्टोबर

चि. खोडरबर हिस,
आशीर्वाद नंतर देते.

काल पाकिटं उघडली. पहिला तासभर मी इतकी सुखात होते की जमिनीवर पाय नव्हते. काय एकेक आकाश. कुणी रेनकोट कापून पावसाळी आकाश केलेलं, कुणी जुन्या गणवेशाचं खाकी, एकीनं रात्र करून त्यावर शर्टाच्या बटणांच्या चांदण्या लावलेल्या. दीपगृहवाल्यानं शेवटी पडदा लावलाच होता, खाली चिठ्ठी की त्यामुळे खोलीत झोप चांगली लागते. त्या नवराबायकोच्या दोन्ही खिडक्या हुबेहूब एका रंगाच्या निघाल्या. वर्गात नुसता गोंधळ, हसू, आजी एकेक खिडकी डोक्यावर धरून फिरताहेत.

मग आम्ही त्या जमिनीवर एकमेकींना लावल्या. एकही लागेना. आमच्या वर्गाच्या सगळ्या बरोबर, पण पोस्टानं आलेल्यांत एक अकरा इंचांची, शेजारची चौदा, तिसरी तर धड चौकोनीही नाही. आधी मी टेपला दोष दिला. मग फरशीला. मग बसचालकाला, कारण तो शांत उभा होता. शेवटी आजींनी विचारलं, कागदावर माया लिहिली होती ना? मी म्हटलं, म्हणजे काय, माझ्या हातानं लिहिली. त्यांनी चष्मा लावून छापील कागद वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला, आणि माझ्या हातात दिला.

आता तुला माया म्हणजे काय ते सांगते. तुकडा कापताना टाक्यांसाठी कडेला जे जास्तीचं कापड सोडतात, जे शिवल्यावर आत जातं आणि वरून दिसत नाही, ती माया. आपल्या घरी बाबा त्याला मार्जिन म्हणायचे, मीही तेच म्हणायचे. पण वर्गाच्या पहिल्याच दिवशी आजींनी विचारलं की बाई, माया किती सोडायची, आणि मी त्या शब्दावर अशी भाळले की मार्जिन पुन्हा तोंडात आलं नाही. तुला हे लिहायचं कधी सुचलंच नाही. पण नमुन्याच्या तळाला मी ठळक लिहिलं होतं की चारी बाजूंनी पाव इंच माया असावी. छापलेल्या एकाही कागदात ती ओळ नाही. ज्यांना शिवण येतं त्यांनी आपापल्या सवयीची सोडली, ज्यांना येत नाही त्यांनी सोडलीच नाही.

ती ओळ कुठे गेली? प्रदर्शनाला दोन महिने आहेत. मोठ्या बाईंनी आज खुर्च्यांवरची धूळ पुसून घेतली.

ताई


१७ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न.

ती ओळ माझ्या चष्म्याच्या घरात आहे.

एप्रिलपासून आहे. जानेवारीत मी तुला लिहिलं होतं की एकदा तरी पत्र नीट संपव, आणि पुढच्याच पत्रात तुझ्या सहीच्या वर ते शब्द. मला वाटलं, ताईनं माझं ऐकलं. पाव इंचच दिली, पण दिली, आणि चारी बाजूंनी दिली. तूच ती, माया मागतानासुद्धा टेप लावणारी, असं म्हणून मी हसले आणि मग छापखान्याच्या मोरीत जाऊन रडले. नमुना कापताना कात्री त्या ओळीच्या वरून फिरवली. खालची पट्टी जपून ठेवली. चष्मा काढला की ती दिसायची, घातला की वाचता यायची. एवढे महिने मी एका शिवणीच्या मापावर खूश होते.

तुझा वर्ग माझ्यामुळे गेला तर काय तोंड दाखवू? जे तुला उभ्या जन्मात एकदा मिळालं ते मी कात्रीनं कापलं, तेही स्वतःचे लाड म्हणून. दुरुस्तीचा कागद छापते म्हटलं तर आता कुणाला पुरणार. पट्टी सोबत परत पाठवते. ती माझी नव्हती, नमुन्याची होती.

बाबा वेगळं कार्ड टाकताहेत.
खोडरबर


१८ ऑक्टोबर

चि. थोरलीस,
अ. उ. आ.

कागद मीही तपासला होता. माया लिहिलेली नाही हे माझ्या ध्यानात आलं नाही, कारण ती लिहावी लागते हे मला माहीत नव्हतं. आम्ही न लिहिता सोडत आलो. धाकटी धड जेवत नाही. कपडा कमी पडला तर मध्ये पट्टी घालतात. पँटीलाही घालतात, नीट घातली तर गिऱ्हाइकाला कळतसुद्धा नाही.

बाबा


१५ नोव्हेंबर

चि. खोडरबर हिस,
अ. उ. आ., मागचे थकलेले धरून.

पट्टी पोचली. त्याबद्दल समोरासमोर बोलू, पत्रात मला जमत नाही. पहिलं काम, जेव. दुसरं, रजा टाक आणि इकडे ये. प्रत्येक हात हवा आहे, तुझासुद्धा.

बाबांचं कार्ड आलं तेव्हा मी त्या सगळ्या खिडक्यांच्या मधोमध फरशीवर बसले होते. मध्ये पट्टी घालतात, हे वाचलं आणि डोक्यात दिवा लागला. अगं, माझ्यासमोर पसरलं होतं काय? एका इमारतीतल्या खिडक्या, आणि दोन एकसारख्या नाहीत. पडद्यांच्या दुकानात मी दुसरं केलं काय? लहान खिडकीच्या पडद्याला रुंद काठ, मोठीला अरुंद, म्हणजे रस्त्यावरून बघणाऱ्याला सगळी इमारत एका मापाची दिसावी. ते काम मी झोपेतही करू शकते. मी उठले, पेन्सिल तोंडात धरली आणि जन्मात न मोजायच्या होत्या त्या खिडक्या एकेक करून मोजल्या. जिची माया कमी, तिच्याभोवती भिंत जास्त. आता हे साधं गणित आहे.

फक्त एवढी भिंत आणायची कुठून, म्हणजे कापड. त्यासाठी मला पडदेवाल्यांच्या दुकानाची पायरी चढावी लागली. वाटेत मी एक भाषण तयार केलं होतं. ते त्यांनी ऐकलंच नाही. विटकरी कापडाचा अख्खा तागा खांद्यावर घेऊन ते माझ्याबरोबर शाळेत आले आणि येताना गल्ल्यावर ठेवलेला माझा टेपही घेऊन आले. तो त्यांनी कुणाला वापरू दिला नव्हता. मग त्यांनी नमुन्याचा कागद मागितला. चौथ्या दिवशी स्वतः शिवलेली खिडकी घेऊन हजर, अगदी मापात, पडद्याला चुण्यासुद्धा. आता रोज संध्याकाळी येतात. कशाला येतात ते आजी मला विचारतात, तू विचारू नकोस.

सगळा वर्ग वेड्यासारखा शिवतो आहे. बसचालक सुटी काढून बसला आहे. डॉक्टरीणबाईंचा टाका सैल झाला, ही वर्षातली सगळ्यांत मोठी प्रगती. तरी गोधडी अजून अर्धी आहे आणि मोठ्या बाई खोलीचं दार मापून गेल्या, खुर्च्या आडव्या जातील की उभ्या ते बघायला. लवकर ये.

ताई


२३ डिसेंबर

चि. खोडरबर हिस,
अ. उ. आ.

खुर्च्या परत आत आल्या. घाबरू नकोस, पुढे वाच.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गोधडी टांगली. बसचालक वरच्या कठड्यावर, पडदेवाले शिडीवर, आजी खाली उभ्या राहून दोघांना झापताहेत. वरून सोडत आलो, सोडत आलो, आणि ती थांबेचना. त्या जादा पट्ट्यांनी इतकी वाढली होती की भिंत संपली तरी गोधडी उरली. शेवटची ओळ जिन्याच्या पायऱ्यांवर लोळत होती. मोठ्या बाईंनी भिंत भरायला सांगितली होती, जिना नव्हे.

त्या आल्या. खालच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि एकेक खिडकी बघत वर चढू लागल्या. चालताना साडीचा घोळ सावरावा तशी त्यांनी गोधडीची कड हातानं उचलून धरली होती, पाय पडू नये म्हणून. दीपगृहाशी थांबल्या, त्या दोन एकरंगी खिडक्यांशी थांबल्या. वरून त्यांनी विचारलं की खिडक्या लहानमोठ्या का. मी तोंड उघडायच्या आत बसचालक म्हणाला की मी रोज इतक्या इमारतींवरून जातो, त्या असतातच तशा. मोठ्या बाई तशाच खाली आल्या, कड अजून हातातच. मग माझ्याजवळ येऊन, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी विचारलं की त्यांना स्वतःला एक खिडकी शिवायची असेल तर माया किती सोडायची.

वर्ग कायम झाला, खोडरबर. एकाचे दोन झाले. प्रदर्शनात इतकी नावं आली की बसायला जागा पुरेना, म्हणून बाबांच्या वयाच्या एका सुताराकडून त्या मोडक्या खुर्च्या दुरुस्त करून घेतल्या आणि आत आणल्या. आज प्रत्येकीवर कुणी ना कुणी बसलं होतं. बाबांना सांग, जेवणाआधी सांगितलं तरी चालेल.

आता तू इथे बसून शिवलेल्या खिडकीचं. एवढं रामायण होऊनही तू माया न सोडताच कापलीस. नऊ इंच भरली. सबंध इमारतीत तिच्याएवढी लहान दुसरी नाही. ती मी अगदी खाली लावली आहे, पहिल्या पायरीशी, आणि भोवती सगळ्यांत रुंद भिंत घातली आहे. तिथली शिवण तू गेल्यावर मी पुन्हा उसवली. तू परत पाठवलेली कागदाची पट्टी त्या मायेत ठेवली आणि वरून शिवून टाकली. कुणाला दिसणार नाही. पण हात फिरवला की ती कड जराशी करकरते.

स्टेशनवर मला खूप बोलायचं होतं. ऐनवेळी डब्याचं झाकण नीट लावलंस का एवढंच विचारलं. म्हणून इथे लिहिते, एका दमात, नाहीतर राहून जाईल. शाळेच्या फाटकाशी मी मागे बघायची नाही, कारण बघितलं असतं तर तुला तिथे सोडून जाताच आलं नसतं. मला तू फार हवीशी आहेस. लहानपणापासून आहेस. ते लिहावं लागतं हे बाबांसारखं मलाही माहीत नव्हतं.

नव्या वर्षाचा नमुना वेगळ्या कागदावर पाठवते आहे. त्या कागदातलं काही कापू नकोस. या कागदातलं काही छापू नकोस.

माया असावी. मोजून नको.

तुझी,
ताई